रेवतीची उंची

आपल्याकडच्या कालप्रवासाच्या सर्वांत जुन्या गोष्टींपैकी एक चक्क लग्न जमवण्याची आहे. राजा ककुद्मी आपल्या मुलीसाठी, रेवतीसाठी, स्थळ शोधत होता. मनासारखं मिळेना, तेव्हा तिला घेऊन तो थेट ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे हाहा आणि हूहू या गंधर्वांचं गाणं रंगलं होतं. ते संपेपर्यंत राजा थांबला आणि मग मनातल्या मुलांची यादी त्याने पुढे ठेवली. ब्रह्मदेव हसला. म्हणाला, यांतलं आता कुणीही उरलेलं नाही, यांच्या नातवंडांची नावंसुद्धा पृथ्वीवर कुणाला ठाऊक नाहीत. तू गाणं ऐकत होतास तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. बापलेक परतले तर जगच बदललेलं. रेवतीचं लग्न बलरामाशी ठरलं, पण ती आधीच्या युगातली, म्हणून फार उंच होती. विष्णुपुराण सांगतं, की बलरामाने नांगराच्या टोकाने तिला खाली ओढलं आणि ती त्या काळातल्या इतर बायकांएवढी झाली.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण सत्तावीस चतुर्युगांपाशी थांबतात आणि ‘बघा, सापेक्षता आपल्याला आधीच माहीत होती’ असं म्हणून मोकळे होतात. मला अचंबा वाटतो तो नांगराचा. एक मुलगी एका काळातून दुसऱ्या काळात येते, आणि नव्या काळात बसावी म्हणून पहिलं काम होतं ते तिची उंची कमी करण्याचं! तिला काय वाटलं, हे कथा विचारत नाही. कुणाची उंची किती असावी, हे त्या त्या काळावर ठरतं, एवढं मात्र ती नकळत सांगून जाते.

कालप्रवासाचे चित्रपट मी याच नजरेने बघते. ‘पुरुष असे, बायका तशा’ हे वाक्य आपण ऐकतो तेव्हा ते डोंगर-नद्यांसारखं कायमचं वाटतं. पण पात्राला तीस वर्षं मागे किंवा पुढे नेऊन सोडा, आणि त्या वाक्याखाली छापलेली तारीख वाचता येते. समाजशास्त्राच्या जाड ग्रंथाला जे सांगायला चारशे पानं लागतात, ते अशा चित्रपटात पाच मिनिटांत दिसतं.

आधी थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय मजा अर्धी राहते. पुण्यातल्या आमच्या विश्रांतवाडीवरून लोहगाव विमानतळाकडे जाणारी विमानं इतकी खालून जातात, की गच्चीवरचं बोलणं मध्येच थांबवावं लागतं. त्या प्रत्येक विमानातला माणूस जमिनीवरच्या आपल्यापेक्षा किंचित वेगळ्या काळातून आलेला असतो. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या दोन शास्त्रज्ञांनी सीझियमची चार अणुघड्याळं प्रवासी विमानांत ठेवून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेच्या दिशेने फिरून आलेली घड्याळं सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली होती, पश्चिमेच्या दिशेने फिरून आलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली होती. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. आइन्स्टाइनच्या गणिताने साधारण हेच सांगितलेलं होतं. वेग वाढला की घड्याळ मंदावतं, गुरुत्वाकर्षण कमी झालं की ते भरभर चालतं. म्हणजे पुढच्या काळात जाणं तत्त्वतः शक्य आहे आणि नॅनोसेकंदांपुरतं ते आपण रोज करतो. मागे जाण्याचं मात्र अवघड. १९४९ मध्ये कुर्ट गोडेल या गणितज्ञाने आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून असं एक फिरतं विश्व काढून दाखवलं, की ज्यात पुढे पुढे चालणारा प्रवासी आपल्याच भूतकाळात पोहोचतो. आपलं विश्व तसं असल्याचं दिसत नाही. पण समीकरण त्याला मनाई करत नाही, हे कळल्यावर खुद्द आइन्स्टाइनही अस्वस्थ झाला.

मागे जाण्यातला पेच सांगताना एक ठरलेलं उदाहरण देतात: तुम्ही भूतकाळात जाऊन आजोबांना ठार मारलंत, तर तुम्ही जन्मालाच येणार नाही, मग मारलं कुणी? आजोबाच का, असा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. खरं तर काळाचा धागा आजीच्या पोटातून जातो, आणि तोही अगदी शब्दशः. मुलगी आईच्या गर्भात असतानाच तिच्या अंडाशयात बीजांडांच्या पेशी तयार होऊन बसतात. विसाव्या आठवड्याच्या आसपास त्यांची संख्या साठ-सत्तर लाखांवर असते, पुढे ती घटत जाते. म्हणजे ज्या पेशीपासून तुम्ही घडलात, ती तुमची आई आजीच्या पोटात होती तेव्हाच, आजीच्या शरीराच्या आत होती. माझी आजी विहिरीवरून पाणी आणायची तेव्हा माझा एक कण तिच्याबरोबर चालत होता! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा कुठल्याही कालयंत्रापेक्षा ते मोठं वाटलं. आणि हे ठाऊक असूनही चित्रपटांतलं यंत्र मात्र बराच काळ पुरुषाच्याच हाती राहिलं.

‘बॅक टू द फ्यूचर’चा दुसरा भाग १९८९चा. डॉक्टर ब्राउन मार्टीला आणि त्याच्या मैत्रिणीला, जेनिफरला, गाडीत घालून २०१५ मध्ये नेतो. ती विचारते, माझं लग्न होईल का, घर कसं असेल, मुलं किती? कुणीही हेच विचारेल. डॉक्टर काय करतो? एका उपकरणाचा झोत टाकून तिला झोपवतो, कारण ती फार प्रश्न विचारते. पुढचा बराचसा चित्रपट ती बेशुद्ध आहे. २०१३च्या ‘अबाउट टाइम’मध्ये तर नियमच आहे: या घराण्यात फक्त पुरुषांना काळात मागे जाता येतं. बहिणीला न्यायचं असेल तर भावाने हात धरून न्यायचं. चित्रपट मनाने फार प्रेमळ आहे, मला आवडतोही. पण तो नियम का, हे त्यातल्या एकाही पात्राला विचारावंसं वाटत नाही, याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडच्या ‘अ‍ॅक्शन रीप्ले’मध्ये (२०१०) मुलगा आईवडिलांचा बिनसलेला संसार सुधारायला सत्तरच्या दशकात जातो. तिथे आई दांडगट आणि वडील बुजरे. मुलगा काय दुरुस्त करतो, तर वडिलांना रुबाबदार बनवतो. जोडप्यातली उंची ‘योग्य’ करण्यासाठी इथेही एक नांगर आहेच.

या सगळ्यात बदलाचा वेग मोजायचा असेल, तर ‘टर्मिनेटर’ मालिका घ्यावी. १९८४ मध्ये भविष्यातून मारेकरी येतो तो सारा कॉनरला संपवायला. सारा हॉटेलात वेट्रेस आहे. तिचं महत्त्व एवढंच, की तिच्या पोटी पुढे मानवजातीचा नेता जन्मणार आहे. १९९१च्या दुसऱ्या भागात तीच सारा मनोरुग्णालयाच्या खोलीत व्यायाम करून दंड कमावते, बंदूक चालवते, पण लढते ती अजूनही मुलासाठी. २०१९ मध्ये ‘डार्क फेट’ आला. आता मारेकरी मेक्सिकोतल्या डॅनी नावाच्या कामगार मुलीच्या मागे आहे. म्हातारी झालेली सारा तिला अनुभवाच्या अधिकाराने सांगते, की तुझ्या पोटी कुणीतरी मोठा जन्मणार असेल. आणि मग उलगडतं, की नेता डॅनी स्वतःच आहे. पस्तीस वर्षांत उत्तर गर्भाशयातून बाहेर पडून त्या मुलीपर्यंत आलं. मला हा प्रसंग विलक्षण वाटतो, कारण जुन्या काळात अडकलेली इथे खुद्द सारा आहे. भविष्याशी लढण्यात आयुष्य गेलेल्या बाईलाही दुसऱ्या बाईची नवी उंची आधी दिसत नाही.

आता आपल्या गावात येऊ. १९ ऑगस्ट २०२२ ला प्रदर्शित झालेला अनुराग कश्यपचा ‘दोबारा’ पुण्यात घडतो, हिंजवडीत. मूळ कथा ओरिओल पाउलो या स्पॅनिश दिग्दर्शकाच्या २०१८च्या ‘मिराज’ची, इथे तिचं रूपांतर निहित भावेने केलं. अंतरा (तापसी पन्नू) नवऱ्याबरोबर आणि लहान मुलीबरोबर नव्या घरात राहायला येते. घरात जुना टीव्ही आणि कॅमेरा सापडतो. बाहेर तसंच वादळ सुरू आहे, जसं पंचवीस वर्षांपूर्वी होतं, जेव्हा याच घरातला एक मुलगा शेजारच्या घरातला खून पाहून पळताना मेला. टीव्हीवर तो मुलगा दिसतो, तो तिला पाहू शकतो. ती त्याला ओरडून सांगते, बाहेर जाऊ नकोस. तो वाचतो.

आणि ती जागी होते ती दुसऱ्याच आयुष्यात. आधीच्या आयुष्यात ती नर्स होती. इथे सगळे तिला डॉक्टर म्हणतात. ज्याच्याशी संसार केला तो नवरा तिला ओळखत नाही. मुलगी जन्मलेलीच नाही.

या प्रसंगाकडे रहस्यपटाचं एक वळण म्हणून बघता येतं, बहुतेक परीक्षणांनी तसंच बघितलं. मला त्यात एक काटेकोर प्रयोग दिसतो. बाई तीच, बुद्धी तीच, हात तेच. दोन आयुष्यांत फरक एकच: एका माणसाची गाठ पडली की नाही, त्याच्याशी लग्न झालं की नाही. आणि तेवढ्याने नर्स आणि डॉक्टर यांच्यातलं अंतर पडतं. प्रयोगशाळेत माणसाच्या आयुष्याचे असे दोन नमुने शेजारी ठेवून बघता येत नाहीत, पडद्यावर येतात. आपल्या आसपासच्या किती जणींचं ‘डॉक्टरपण’ एखाद्या साखरपुड्यात थांबलं, हे मोजायला कोणतीही पद्धत नाही, कारण न झालेल्या गोष्टीची नोंद कुठे होत नसते. ‘दोबारा’ त्या नोंदीचं पान उघडतो.

चित्रपट हा प्रश्न सोपा करत नाही, हे त्याचं मोठेपण. डॉक्टर झालेली अंतरा आनंदाने उड्या मारत नाही, ती मुलीसाठी वेडीपिशी होते. पण किंमत कोणी मोजायची, हे ठरलेलंच आहे. ‘अबाउट टाइम’मध्ये नायकालाही भूतकाळ बदलल्यावर आपलं मूल हरवल्याचं कळतं, आणि तो केलेला बदल मागे घेतो. त्याच्या वकिलीला मात्र कुठे धक्का लागत नाही. मूल आणि काम एकाच तराजूत घालण्याची वेळ प्रवासी बाई असली की येते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत तापसीचाच ‘लूप लपेटा’ आला होता. ‘रन लोला रन’ या १९९८च्या जर्मन चित्रपटाचं ते भारतीय रूप, गोव्यात घडणारं. प्रियकराने पैसे हरवलेत, तो मरणार आहे, त्याला वाचवायला नायिका धावते. वेळ संपली की घड्याळ पुन्हा मागे. तिचं नाव सावी, त्याचं सत्या. म्हणजे सावित्री आणि सत्यवान! वडाला सूत गुंडाळणाऱ्या आपल्या घरांना हे सांगायला नको, की नवऱ्याचं संपलेलं आयुष्य परत मागून आणणारी सावित्री हीसुद्धा काळाशीच वाद घालत होती. तिने यमाला शब्दांत पकडलं, नियम वाचून नियमाने हरवलं. आपण व्रत सांगताना तिची निष्ठा सांगतो, तिची वकिली सांगत नाही.

रेवतीच्या अगदी उलट दिशेने जाणारी गोष्ट तर विश्रांतवाडीच्या रस्त्यावरच आहे. ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि पुण्यात शिरताना आमच्या चौकातून जाते. याच आळंदीत चांगदेव आले होते. परंपरा म्हणते, योगबळाने मृत्यू टाळत टाळत ते चौदाशे वर्षं जगले होते. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले, पण मायना काय लिहावा कळेना, म्हणून कोरा कागद पाठवला. तो पाहून त्यांची बहीण मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. मग चांगदेव वाघावर बसून आले, ही भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली, एवढं शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. त्यापुढचं कमी सांगितलं जातं: चांगदेवांनी गुरू केलं ते मुक्ताईला. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आणि तिच्यापुढे चौदाशे वर्षांचा शिष्य! शतकं पार करून आलेला पुरुष, आणि उतरायचं कुणी, तर त्याने. इथे मुलीच्या उंचीला कुणी हात लावला नाही. तेराव्या शतकाबद्दल आपल्या मनात जे चित्र असतं, त्यात ही मुलगी बसत नाही. काळ पुढे जातो तशा बायका सरळ रेषेत मोकळ्या होत जातात, असं समजणाऱ्याने या रस्त्यावर थोडं थांबावं.

इतिहासाला फाटा फुटतो कुठे, हा कालकथेचा खरा प्रश्न. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणाऱ्या जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत तो पानिपतावर फोडला. १७६१ मध्ये विश्वासरावांना लागलेली गोळी त्या दुसऱ्या इतिहासात थोडक्यात हुकते, आणि सगळं वेगळं घडतं. फार सुंदर कथा आहे, पुंजभौतिकीतल्या अनेक शक्यतांची कल्पना इतक्या सहजपणे क्वचितच कुणी मांडली असेल. पण रणांगणावरचा फाटा बायकांच्या आयुष्यात उशिरा पोहोचतो. त्यांचे फाटे लहान जागी फुटतात. १ जानेवारी १८४८ ला भिडेवाड्यात मुलींसाठी उघडलेलं शाळेचं दार हा एक. १९७४ मधलं एक पोस्टकार्ड हा दुसरा. टेल्कोने पुण्यातल्या नोकरीसाठी अभियंते हवेत अशी जाहिरात दिली होती, आणि स्त्रियांनी अर्ज करू नये असं तीत नमूद केलं होतं. बंगळुरूत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि टेल्कोच्या त्या पहिल्या महिला अभियंता झाल्या. एक कार्ड टाकलं नसतं तर काय, याचा चित्रपट काढायला वादळाची गरजही नाही.

पुण्याने बाईच्या भविष्याबद्दल भाकितंही केलेली आहेत. हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ मध्ये सुरू झाली. दोनच वर्षांत, १८८६ मध्ये, नारायण बापूजी कानिटकरांचं ‘तरुणीशिक्षणनाटिका’ हे नाटक आलं. त्याच्या लांबलचक नावात चक्क ‘भविष्यकथन’ हा शब्द आहे: मुली शिकल्या आणि मोकळ्या झाल्या तर पुढे काय होईल, याचं भयचित्र. पुढे १९२८ मध्ये काशीबाई कानिटकरांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी आली. काशीबाई लग्नानंतर वाचायला शिकलेल्या. त्यांच्या कादंबरीत एका संस्थानाचा कारभार एक बाई हाती घेते आणि स्त्रियांना बरोबरीचं स्थान देणारं राज्य उभं करते. आज या दोन भाकितांची पडताळणी करायला आपण जिवंत आहोत, म्हणजे त्या दोघांच्या दृष्टीने आपणच भविष्यातून बघणारे प्रवासी. नारायण कानिटकरांची भीती बऱ्याच अंशी खरी ठरली, मुली खरंच शिकल्या आणि खरंच घराबाहेर पडल्या, आणि जग बुडालं नाही. काशीबाईंचं राज्य अजून यायचं आहे.

आणि एक कालयंत्र असंही आहे, जे कल्पनेतलं नाही. विधी महाविद्यालय रस्त्यावर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळं तिथे जपली आहेत. १९१३ मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके, आधी ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारे. बायका मिळेनात, म्हणून पुरुषाला साडी नेसवावी लागली. तारामतीच्या सख्याही पुरुषच. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये तर साळुंके एकटेच राम आणि सीताही. त्याच काळात रंगभूमीवर बालगंधर्वांचं राज्य होतं, आणि साडी कशी नेसावी, दागिना कसा ल्यावा, हे घरोघरच्या बायका एका पुरुषाकडे पाहून शिकत होत्या. ‘बायकीपणा म्हणजे काय’ याचा आदर्शच पुरुषाने घडवलेला! आजच्या कुणाला तिकडे नेऊन सोडलं, तर तो चक्रावून जाईल, आणि तिथल्या प्रेक्षकाला चक्रावण्यासारखं काहीच दिसणार नाही.

पुढचं फार वेगाने घडलं. १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त तीच तारामती दुर्गा खोटे यांनी केली, मुंबईच्या सुखवस्तू, शिकलेल्या घरातल्या बाईने. १९३६च्या ‘अमर ज्योती’त दुर्गाबाई समुद्री चाच्यांची राणी झाल्या. आणि १९३७ मध्ये, प्रभात पुण्यात आल्यावर, शांतारामबापूंच्या ‘कुंकू’मध्ये शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. नारायण हरी आपट्यांच्या ज्या कादंबरीवर तो बेतला, तिचं नाव ‘न पटणारी गोष्ट’. साडी नेसलेल्या साळुंक्यांपासून नीरेच्या नकारापर्यंत चोवीस वर्षं. ‘दोबारा’तल्या दोन वादळांमधलं अंतर पंचवीसचं आहे.

माझी फार इच्छा आहे, की विश्रांतवाडी-धानोरीच्या शाळांतल्या नववी-दहावीच्या मुलामुलींना हे सगळं सलग दाखवावं: ‘हरिश्चंद्र’ची उरलेली रिळं, ‘अयोध्येचा राजा’चे काही प्रसंग, पूर्ण ‘कुंकू’, आणि मग ‘दोबारा’तला तो जागं होण्याचा प्रसंग. साळुंक्यांना पाहून ती हसतील, हसू द्यावं. शेवटी एका कागदावर त्यांच्याकडून एवढंच लिहून घ्यावं, की आज त्यांच्या घरात चाललेलं असं काय आहे, जे पाहून पंचवीस वर्षांनंतरची मुलं अशीच हसतील.